गुरांसमोर बसायचं तर: जलरंग, तैलरंग की ग्वाश?

लँडस्केपला बाहेर पडणाऱ्याला रंग कुठले न्यायचे हा प्रश्न सहसा पडत नाही. ज्यात हात बसलाय ते उचलायचं आणि निघायचं. पण चित्राचा विषय गुरं असतील, तर हा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. झाड, बांध, गोठ्याचं छप्पर, पाणवठा ही मंडळी जागेवर असतात. फार तर सावल्या सरकतात. गाय मात्र तुम्ही मानेचा कोन पकडेपर्यंत मान खाली घालते, आणि खाली घातलेली मान रंगवायला घ्यावी तर पाठ फिरवून चालायला लागते.

ज्यांनी जलरंग आणि तैलरंग दोन्ही हाताळले आहेत, आता उघड्यावर गुरं करायची आहेत आणि खांद्याला एकच पिशवी लावायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कागद किती जीएसएमचा, ब्रश सेबलचा की सिंथेटिक, यात शिरत नाही. तिन्ही माध्यमं मी गुरांसमोर बसून वापरली आहेत आणि माझं मन एकीकडे झुकलेलं आहे. तुमचा हात वेगळा असेल, समोरचा माळ वेगळा असेल, म्हणून तिन्हींची बाजू मांडतो.

जलरंगापासून सुरुवात करू, कारण बहुतेक जण तिथूनच येतात, आणि मीही तिथलाच.

बाहेर बसून आकाश करायचं तर जलरंगाला तोड नाही, हे मला अजूनही मान्य आहे. दिवस कलताना कळप परततो, खुरांनी उडालेली धूळ उन्हात पेटते. तो पिवळसर धुरळा, त्यात बुडालेले पाय आणि वर तरंगणाऱ्या पाठी, हे सगळं ओल्यात ओलं सोडलं की दोन-चार हातांत येऊन जातं. तैलरंगात तीच धूळ रंगवताना माझी दमछाक होते, आणि ग्वाशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगात, ती जरा पिठूळ दिसते. लांबचा कळप तर जलरंगाचाच: ब्रशचं टोक टेकवायचं, किंचित ओढायचं, झाली गाय. गवतावर पडलेली सावली एका पारदर्शक हाताने येते आणि खालचं गवत तसंच दिसत राहतं. सामान नावापुरतं असल्यामुळे कळप सरकला की आपणही उठून सरकू शकतो. गुरांच्या बाबतीत ही सोय मोठी आहे.

अडलं ते एकाच ठिकाणी, पांढऱ्यापाशी.

जलरंगात पांढरा म्हणजे कागद. तो आधी राखायचा आणि भोवतीने रंग भरायचे. चुन्याची भिंत, पाण्यावरची चकाकी, बुंध्यावर पडलेला उन्हाचा पट्टा हे राखता येतं, कारण ते तिथेच थांबतं. आता मागे गर्द झाडी, पुढे उन्हातलं गवत आणि मधे पांढरी गाय असं दृश्य घ्या. झाडीचा गडद वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पसरट थर, टाकण्याआधी गायीच्या पाठीची रेषा नक्की करावी लागते: शिंगांमागून उतरलेली मान, वशिंडाचा उंचवटा, पाठीचा थोडा खोलगट भाग, पुठ्ठ्यावर वर आलेलं हाड आणि तिथून शेपटीची उतरण. ही रेषा तुम्ही सांभाळून राखता, भोवती गडद हिरवा भरता, मान वर करून पाहता तर गाय वळलेली. कागदावर आता जी गाय राखून ठेवली आहे ती समोर नाही. मग आत काय भरायचं? पोटाखाली गवताचा हिरवा किती परतून आला होता, खांद्याची सावली निळी होती की जांभळट, हे बघून टिपायचं म्हणून तर उन्हात बसलो. तेवढ्यात शेजारी दुसरी गाय तिरक्या उन्हात अगदी हवी तशी उभी राहते, आणि नेमक्या त्या जागेवर आपण गडद रंग भरून बसलेलो असतो.

यावर उपाय नाहीत असं नाही. कागद तात्पुरता झाकून ठेवणारं मास्किंग फ्लुइड आहे; पण ते लावायलाही आकार आधी माहीत असावा लागतो, म्हणजे अडचण एक पायरी मागे गेली, इतकंच. ओल्या ब्रशने रंग उचलता येतो. पण झाडीत थॅलो हिरव्यासारखा कागदात मुरणारा रंग वापरला असेल तर तो पुरता निघत नाही, फिकट हिरवी गाय मिळते. ब्लेडच्या टोकाने खरवडून पाठीवरची उन्हाची रेघ काढता येते, ती सुंदरही दिसते, पण रेघच. आणि शेवटचा उपाय म्हणजे वरून पांढरा लावणं. विन्सर अँड न्यूटनने 1834 मध्ये झिंकचा, म्हणजे जस्ताचा, चायनीज व्हाइट बाजारात आणला तेव्हापासून जलरंगवाल्यांच्या पेटीत हा पांढरा आहे, आणि पेटीतला पांढरा म्हणजे पाप, असं मानणारेही आहेत. जॉन सिंगर सार्जंटसारखा नावाजलेला चित्रकार जलरंगात अपारदर्शक पांढरा खुशाल वापरायचा, त्यामुळे मला त्याचं सोवळं नाही. फक्त एकदा वरून पांढरा लावायचाच म्हटलं, की आपण मनाने ग्वाशच्या उंबऱ्यात आलेलो असतो.

गुरं काळी किंवा तांबडी असतील तर ही अडचण बरीच कमी होते, हे कबूल. पण पूर्ण काळी गायही उन्हात काळी राहत नाही. तिच्या पाठीवर आकाश उतरतं आणि वरची बाजू फिकट निळसर राखाडी दिसते. तो उजेडही जलरंगात राखूनच ठेवावा लागतो. बांड्या गुरांचं तर बोलायलाच नको.

तैलरंगात हे दुखणं मुळातच नाही. गाय हलली तर फडक्याने पुसा आणि नवी करा. गडदावर उजळ, उजळावर गडद, काहीही चालतं. कातडीसाठी तर मला तैलरंग सगळ्यात जवळचा वाटतो. तांबड्याचा काळ्यात होणारा उतार, फऱ्यावरची चमक, ओल्या नाकपुडीचा गुळगुळीतपणा हे ओला रंग ओल्यात फिरवून जसं येतं तसं दुसऱ्या कशात येत नाही. फ्रेंच चित्रकार रोझा बॉनरच्या 1849 च्या नांगरणीच्या चित्रातले बैल आणि उलटलेली ढेकळं पाहिली की या माध्यमाची ताकद वेगळी सांगावी लागत नाही. शिवाय लावताना जो रंग दिसतो तोच वाळल्यावर दिसतो. ग्वाशवाल्यांनी या एका गोष्टीसाठी तैलरंगाचा हेवा करावा.

बाहेर तैलरंग नेण्याची परंपराही जुनी आहे. इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलने 1821-22 मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेडला कागदावर तैलरंगात ढगांचे अभ्यास केले आणि मागे वेळ, वारा, हवा यांची टिपणं लिहिली. तेव्हा तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यावा लागे. जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने 1841 मध्ये पिळायच्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं आणि मग ही कटकट संपली.

आता कटकट उरते ती ओल्या चित्राची. वाऱ्यावर धूळ येते, गवताचं कुसळ येतं, आणि जिथे गुरं तिथे माश्या असणारच. ओल्या रंगावर बसलेली माशी काढायला गेलं की ती आपल्या पायांनी आकाशात रेघा ओढून जाते. घरी नेताना ओलं पॅनेल धरायला वेगळी खाचेची पेटी लागते. पांढरा त्यातल्या त्यात हळू वाळतो आणि गुरांच्या चित्रात तोच सगळ्यात जास्त लागतो. अल्किड माध्यम मिसळलं तर साधारण दिवसाभरात रंग हाताला लागेनासा होतो, तेवढा दिलासा. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी मात्र चुरगाळून पिशवीत कोंबू नका. तेल हवेशी संयोग होऊन तापतं आणि असा बोळा आपोआप पेटू शकतो. वाळक्या गवतात किंवा कडब्याच्या गंजीशेजारी बसणाऱ्याने हे विसरू नये.

आणखी एक गोष्ट खास गुरांची. मोठ्या गायी तुमच्याकडे एकदा बघतात आणि चरायला लागतात, पण कालवडी आणि खोंडं भारी चौकस असतात. तुम्ही स्थिर बसलात की त्या अर्धगोल करून जवळ येतात, ईझल हुंगतात, आणि संधी मिळाली तर जीभ लावतात. गुरांना रंग चाटायची सवय असते. शिशाच्या रंगाने गुरांना विषबाधा होणं ही पशुवैद्यांच्या रोजच्या ओळखीची बाब आहे. त्यामुळे फ्लेक व्हाइट, म्हणजे शिशाचा पांढरा, गुरांजवळ न्यायचाच नाही, स्टुडिओत तुम्हाला तो कितीही आवडो. टर्पेंटाइनचा डबा उघडा ठेवून उठू नका. जलरंग आणि ग्वाशवाल्यांनीही कॅडमियम घोळलेलं पाणी गुरांच्या हौदात किंवा पाणवठ्यावर ओतू नये. पाण्याच्या माध्यमांत धोका तुलनेने कमी आणि आवरायला सोपं, एवढाच फरक. वासरू अंगावर आलं तर जलरंगाची किंवा ग्वाशची पेटी मिटून उठता येतं. तैलरंगाचं पॅलेट आवरेपर्यंत वासराचं नाक बर्न्ट अंबरच्या तपकिरीमध्ये गेलेलं असतं.

आता ग्वाश. बांधणारा गोंद तोच, बाभळीच्या जातीचा. पाणी तेच, ब्रश तेच. रंगद्रव्य जास्त आणि अंग अपारदर्शक. त्यामुळे जलरंगाचं सुटसुटीतपण राहतं आणि पांढऱ्याची कटकट जाते. आधी झाडी करा, गवत करा, आकाश करा, सावकाश. गाय कुठे उभी राहायची ते गायीला ठरवू द्या. ती हवी तशी थांबली की जाडसर उजळ रंग घेऊन थेट गडद झाडीवर उतरवायची.

याची खरी गंमत रंगीत कागदावर आहे. इंग्रज चित्रकार टर्नरने निळ्या कागदावर अपारदर्शक रंगांत कितीतरी निसर्गचित्रं केली, कारण मधला टोन, म्हणजे उजेड आणि सावली यांच्यामधली पायरी, कागदच देतो. गुरांसाठी मला निळ्यापेक्षा मातकट कागद बरा वाटतो. समजा समोर तांबूस गाय तिरक्या उन्हात उभी आहे. कागदाचा रंग हाच तिचा मधला टोन. आधी सावलीचे तीन तुकडे लावायचे: मानेखालचं लोंबतं कातडं, पोटाची खालची बाजू आणि मागच्या मांडीची आतली बाजू. या सावलीसाठी बर्न्ट अंबरमध्ये अल्ट्रामरीन निळा घालायचा, काळा नको. मग उजेड: वशिंडाच्या माथ्यावर एक थेंब, पाठीवर तुटक पट्टा, पुठ्ठ्याच्या हाडावर छोटा ठिपका. ऊन मागून येत असेल तर कानाची पाळी आतून पेटल्यासारखी लालसर दिसते, तिथे नारिंगीचा एक बारीक हात. शेवटी पोटाखाली गवताचा परतलेला हिरवा, अगदी मंद. गाय एवढ्यात निघून गेली तरी चित्रात उभी असते. उरलेली बाजू कागद सांभाळतो.

गायीची चाल पकडायलाही हे सोयीचं पडतं. चरणारी गाय त्याच त्या तीन-चार मुद्रांमध्ये पुन्हा पुन्हा येते. म्हणून एका कागदावर तीन-चार गायी सुरू ठेवायच्या आणि जी मुद्रा परत येईल ती पुढे न्यायची. रवंथ करत बसलेली गाय मात्र बराच वेळ जागची हलत नाही, फक्त जबडा फिरत राहतो. सुरुवात करणाऱ्याने आधी तिला गाठावं. डच चित्रकार पाउलुस पॉटरचा 1647 मधला प्रसिद्ध बैल, हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयातला, जवळपास खऱ्या बैलाएवढा आहे. आणि तोही एका बैलावरून केलेला नाही. वेगवेगळ्या वयाच्या जनावरांचे अभ्यास जोडून तो उभा केलेला आहे. मग आपण बाहेरून आणलेल्या तुकड्यांची लाज का बाळगावी? असे तुकडे जमवायला ग्वाश मला सगळ्यात चपळ वाटतो: काही मिनिटांत वाळतो, वही मिटता येते, लगेच दुसऱ्या पानावर जाता येतं.

त्याचे त्रासही सांगतो, नाहीतर वकिली केल्यासारखं होईल. पहिला त्रास टोनचा. ओला असताना दिसतो तो रंग वाळल्यावर राहत नाही: साधारणपणे उजळ रंग जरा गडद होतात आणि गडद रंग जरा उजळतात. म्हणजे ज्या उन्हासाठी एवढा खटाटोप केला तेच मंदावतं आणि सावल्याही फिकटतात. कागदाच्या कडेला रंग लावून वाळेपर्यंत थांबायचं, आणि उन्हाचा टोन हवा त्यापेक्षा एक पायरी वर ठेवायचा, ही सवय लागेपर्यंत चित्रं मरगळलेली दिसतात. दुसरा त्रास हिरव्याचा. गवत उजळ करायला पांढरा घातला की हिरवा खडूसारखा होतो. मी उजळ करायला पिवळाच वापरतो आणि थंडावा हवा असेल तेव्हाच पांढऱ्याचं टोक लावतो. तिसरा म्हणजे खालचा थर पुन्हा ओला होतो. झाडीवर गाय उतरवताना ब्रश दोनदा फिरवला तर खालचा हिरवा वर येऊन गाय शेवाळते. रंग साईसारखा दाट हवा, हात एकच हवा, आणि लावून झाला की पुन्हा शिवायचं नाही. थर फार जाड झाला तर वाळून तडकतो, म्हणून वहीच्या पानावर तो बेतानेच. ॲक्रिलिक गोंदाचा ग्वाशही मिळतो. तो वाळल्यावर पुन्हा विरघळत नाही, पण ब्रशवर वाळला की ब्रश गेला आणि पॅलेटवर वाळला की रंग गेला. उन्हात बसणाऱ्याला हे महागात पडतं. मला साधाच बरा वाटला, पण यावर दोन मतं असू शकतात.

पाण्याच्या दोन्ही माध्यमांना हवा छळते. दमट सकाळी वॉश वाळता वाळत नाही, दुपारी ब्रश कागदाला टेकेपर्यंत सुकतो. ग्वाश दुपारी त्यातल्या त्यात कमी नखरे करतो, कारण त्याला पसरत्या ओल्या वॉशची गरज कमी. पॅलेटवर अधूनमधून पाण्याचा फवारा मारला की काम चालतं. आणि कागद कुठलाही असो, त्यावर ऊन घेऊ नका. उन्हात पांढऱ्या कागदाने डोळे दिपतात, रंग गरजेपेक्षा गडद लावले जातात, आणि घरी आणून पाहावं तर चित्रात संध्याकाळ झालेली असते. मातकट कागदाला हा त्रास कमी, ही त्याच्या बाजूची आणखी एक गोष्ट.

तेव्हा ज्याच्या चित्रात आकाश तीन हिस्से आणि गुरं म्हणजे क्षितिजावरचे ठिपके, त्याने जलरंग सोडू नये. ग्वाश त्याला उगीच जड वाटेल. ज्याला एका जागी ठाण मांडायचं आहे, गाडी जवळ उभी आहे, गोठ्यात बांधलेली गुरं करायची आहेत आणि कातडीचा पोतच हवा आहे, त्याने तैलरंगच न्यावेत. दावणीला बांधलेली गाय फार लांब जात नाही आणि माश्यांचा हिशोब आधीच धरलेला असतो. पण माळावर मोकळी फिरणारी गुरं जवळून करायची असतील, त्यात पांढरी किंवा बांडी असतील, तर निदान एकदा तरी ग्वाश नेऊन बघा असं मी म्हणेन. जलरंगाची पेटी घरी ठेवायचीही गरज नाही. आकाश आणि लांबचा डोंगर पारदर्शक रंगात उरका, पुढची गुरं ग्वाशमध्ये करा. दोन्हींचा गोंद एकच असल्यामुळे एका कागदावर ते छान नांदतात. सध्या माझ्या पिशवीत हीच जोडी असते.

आणि ग्वाश घेणारच असाल तर सुरुवातीला पाच-सहा रंग पुरेत, फक्त पांढऱ्याची ट्यूब सगळ्यात मोठी घ्या, टायटॅनियमची. बाकीचे रंग अर्धे होण्याआधी ती संपलेली असते.